जुनी मोटार आणि वाढीव वॉरंटी : एक व्यावहारिक विचार

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

‘हमी’, ‘गॅरंटी’ आणि ‘वॉरंटी’ हे तीन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. दुकानदार ‘गॅरंटी आहे’ म्हणाला की आपले समाधान होते. ती कसली, किती दिवसांची आणि कोणाच्या खर्चाने, हे विचारायचे राहून जाते. पंखा किंवा मनगटी घड्याळ घेताना एवढे चालून जाते. परंतु घरातील वर्षभराची कमाई एका जुन्या मोटारीत घालायची असेल तर या शब्दांची नीट फोड करून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात मी तसा प्रयत्न केला आहे. लेखाचे निमित्त घरगुती असले तरी प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी येणारा आहे, म्हणून तो वार्षिकांकातून मांडण्याचे धाडस करीत आहे.

निमित्त असे. माझ्या आजीला आठवड्यातून दोन वेळा डायलिसिससाठी शहरात न्यावे लागते. फुलंब्रीहून छत्रपती संभाजीनगर पंचवीस-तीस किलोमीटर, मध्ये चौक्याचा घाट. जाताना एस.टी. चालते, येताना मात्र आजीच्या अंगात बसण्याचेही त्राण नसते. यंदा अद्रकीचे बऱ्यापैकी पैसे झाले आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनी मोटार घ्यायचे ठरविले. आपल्या फुलंब्री, खुलताबाद, कन्नड भागातील अद्रकीचे भाव कसे वरखाली होतात हे वाचकांना सांगायला नको. यंदाचा पैसा पुढल्या वर्षी येईलच असे नाही. शहरातल्या एका विक्रेत्याकडे सात वर्षे वापरलेली, ६२,००० किलोमीटर चाललेली, लहान पेट्रोल मोटार ३,४०,००० रुपयांना ठरत आली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची तीन महिन्यांची वॉरंटी किमतीतच होती. भाव ठरून चहा आल्यावर विक्रेत्याने दुसरा कागद पुढे केला : आणखी १३,५०० रुपये भरा, त्यापुढे एक वर्ष निश्चिंत राहा. अण्णांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “तू अर्थशास्त्र शिकतीस ना? मग सांग, घ्यायची का नाही.”

मी चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्या चार दिवसांत जे वाचले, विचारले आणि मांडून पाहिले ते असे.

प्रथम कायदा. आपल्या देशात मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. त्यात ‘शर्त’ आणि ‘वॉरंटी’ असा स्पष्ट भेद केलेला आहे. कराराच्या मूळ हेतूशीच निगडित असलेली अट म्हणजे शर्त. ती मोडली तर खरेदीदार माल परत करू शकतो. वॉरंटी ही त्यामानाने दुय्यम अट. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. म्हणजे ज्या शब्दाने आपण एवढे निर्धास्त होतो तो कायद्याच्या भाषेत दोहोंपैकी कमजोर शब्द आहे! याच कायद्याच्या सोळाव्या कलमाचा पाया असा की, मालाच्या दर्जाबद्दल विक्रेत्याची आपोआप कोणतीही हमी नसते. खरेदीदाराने डोळे उघडे ठेवावेत, हे मूळ सूत्र. त्याला काही अपवाद आहेत. विक्रेता त्याच मालाचा व्यापारी असेल तर माल निदान विकण्यायोग्य असला पाहिजे, हा त्यांतला एक. मात्र खरेदीदाराने माल तपासून घेतला असेल तर, जे दोष त्या तपासणीत दिसायला हवे होते त्यांच्याबद्दल त्याला पुढे तक्रार करता येत नाही. शेजाऱ्याकडून किंवा पाहुण्याकडून घेतलेल्या गाडीला तर व्यापाऱ्यासाठीचा हा अपवादही लागू होत नाही. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. डोळ्यांना दिसणारे दोष आपल्या पदरात, आणि न दिसणाऱ्या दोषांपुरताच वॉरंटीचा प्रश्न उरतो.

ही विभागणी इंग्रजांनी आणली असे समजण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विकलेला माल परत घेण्यासंबंधी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात चतुष्पाद प्राण्यांच्या बाबतीत व्यवहार फिरविण्याची मुदत तीन पंधरवड्यांची सांगितली आहे, आणि रोगी जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्याला दंड ठरविला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत तर परीक्षेचे दिवस मालागणिक दिले आहेत : बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन आणि ओढकामाच्या जनावराला पाच. त्याच यादीत दास-दासींच्या परीक्षेचेही दिवस दिलेले आहेत, हे विसरून या ग्रंथांचे कौतुक करणे बरे नव्हे. पण मालाच्या परीक्षेमागील व्यवहारबुद्धी मानावी लागते. याज्ञवल्क्य स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही प्रसिद्ध टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी येथे लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेले. दुभत्या जनावराचा गुण तीन दिवसांत धारेवर कळतो, ओढणाऱ्याचा पाच दिवस जुंपल्याशिवाय कळत नाही, बी उगवून यायला आठ-दहा दिवस लागतात. दोष उघड व्हायला जेवढा काळ लागतो तेवढी मुदत खरेदीदाराची, असे हे तत्त्व दिसते.

आमच्या गावातील वडीलधारी मंडळी बैलखरेदीच्या गोष्टी सांगतात त्यांतही हेच तत्त्व आहे. बैल घ्यायचा तर दात पाहायचे, खूर पाहायचे, भोवरे पाहायचे, आणि मग जुंपून चार तास वळवून पाहायचे. तरीही बैल खोडीचा आहे की नाही हे चार तासांत कळत नाही. म्हणून बोली होई. पहिली पेरणी होईपर्यंत बसका निघाला तर परत, असे चार माणसांदेखत ठरे. त्या बोलीचे वेगळे पैसे कोणी मागत नसे. ज्याच्या बैलात खोड असे तो बोली करायलाच तयार होत नसे, आणि त्यावरूनच पाहणाऱ्याला काय ते समजे.

हीच गोष्ट अर्थशास्त्राच्या भाषेत जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली मांडली. जुन्या मोटारींच्या बाजारावरील त्याचा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. पुढे २००१ साली त्याच विचाराबद्दल त्याला स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे साधे आहे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मध्यम भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला विकणे परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो. उरतात त्या निकृष्ट गाड्या. मग भाव आणखी खाली येतो. या घसरणीला आवर घालणाऱ्या गोष्टींत त्याने विक्रेत्याच्या हमीचा उल्लेख केला आहे. गंमत अशी की अकरलॉफ १९६७-६८ च्या सुमारास भारतात राहून गेला होता आणि त्याच्या निबंधात आपल्याकडील बाजाराचे उदाहरण आहे : तांदळात त्याच रंगाचे नि आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि गृहिणीला ते निवडावे लागतात. आपल्या घरी रोज सूप हातात घेणाऱ्या बाईचे काम नोबेल मिळालेल्या निबंधात जाऊन बसले आहे, हे वाचून मला फार बरे वाटले.

आता या दृष्टीने आमच्यासमोरचे दोन कागद पाहू. तीन महिन्यांची वॉरंटी किमतीत धरून दिली होती. गाडी बिघडली तर खर्च विक्रेत्याचा. म्हणून ती देणाऱ्याने गाडी थोडीफार तपासली असणार, एवढे अनुमान निघते. तो बैलबाजारातील बोलीसारखा इशारा आहे. परंतु १३,५०० रुपयांची वाढीव वॉरंटी हा इशारा नव्हे, ती स्वतंत्र विक्री आहे. ती चांगल्या गाडीलाही देतात आणि वाईट गाडीलाही. बहुधा ती देणारी संस्थाही वेगळी असते. तिच्यावरून गाडीविषयी काहीच कळत नाही. ती गाडीचा भाव ठरल्यावर पुढे येते, हेही लक्षात घ्यावे. तीन लाख चाळीस हजारांच्या शेजारी साडेतेरा हजार लहान दिसतात; हेच साडेतेरा हजार खताच्या दुकानात मागितले असते तर अण्णा उठून आले असते.

कागद मी दोन वेळा वाचला. त्याच्या पहिल्या पानावर काय दुरुस्त करून मिळेल ते होते आणि पुढच्या तीन पानांवर काय मिळणार नाही ते होते. क्लच प्लेट, ब्रेक, टायर, बॅटरी, शॉकअप, रबराचे सर्व भाग, वायरिंग, एसी हे सगळे वगळलेले. सात वर्षांच्या गाडीचे जे भाग सर्वांत आधी जातात, त्यांतले बहुतेक या यादीत आले. इंजिन आणि गिअरबॉक्समधील अंतर्गत भाग तेवढे आत. तेही ‘झिजेमुळे’ गेले नसतील तर. आता सात वर्षांच्या इंजिनात झिजेमुळे गेले नाही असे काय असते, हे ठरविणार कोण? उत्तर कागदातच होते : संस्थेचा तपासनीस. त्याने पाहून मंजुरी दिल्याखेरीज इंजिन खोलायचे नाही. दुरुस्तीत लागणारे ऑइल, कूलंट, गॅस्केट आपल्या खर्चाने. गाडी ठरलेल्या वर्कशॉपपर्यंत ओढून नेण्याचा खर्च आपला. प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपमध्येच, ठरल्या किलोमीटरला. एक जरी चुकली तरी वॉरंटी रद्द. बाहेरून गॅसकिट बसविले तर रद्द. भाड्याने सीट भरले तर रद्द. अर्थात खाजगी नोंदणीच्या गाडीत भाडे घेणे मुळात बेकायदेशीरच आहे, पण आपल्या रस्त्यावर ते किती चालते हे सर्वांना ठाऊक आहे. वर्षभरात मिळून साठ हजारांपेक्षा जास्त मिळणार नाही, हीदेखील अट होती.

तुलनेसाठी दुसऱ्या एका ठिकाणचा कागद आणला. त्यात पहिल्या तीस दिवसांत झालेला बिघाड धरला जाणार नाही असे कलम होते. याज्ञवल्क्याने पहिले दिवस खरेदीदाराला दिले होते. या कागदाने नेमके तेच काढून घेतले होते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. अण्णांचे म्हणणे पडले की, गाडीचा फुल इन्शुरन्स आहे, मग वॉरंटी कशाला? परंतु मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत अपघात, चोरी, आग, पूर यांची भरपाई असते. यंत्र आपोआप बिघडणे, झीज आणि घसारा हे स्पष्टपणे वगळलेले असतात. म्हणजे विमा आणि वॉरंटी यांची कामे वेगळी आहेत, एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही. जुनी गाडी घेताना विम्याचा कागद आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ आपल्याला मिळत नाही. हे काम वॉरंटीपेक्षा कितीतरी निकडीचे आहे.

आता हिशेब. फुलंब्री आणि शहर मिळून चार गॅरेजांत मी गेले. सोबत धाकटा भाऊ होता. प्रश्न मी विचारायची आणि फिटर उत्तर त्याला द्यायचे, असा प्रकार दोन ठिकाणी झाला. असो. अशा वयाच्या, अशा चाललेल्या, नीट सांभाळलेल्या दहा पेट्रोल गाड्यांपैकी एका वर्षात कितींच्या इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे मोठे काम निघते, असा माझा प्रश्न होता. चौघांचेही उत्तर ‘एखाद्या गाडीचे’ असे होते. एकाने ‘फार तर दोन’ म्हटले. ही शास्त्रीय पाहणी नव्हे, अनुभवी माणसांचा अंदाज आहे. मोठे काम निघाल्यास चाळीस हजार धरा. त्यातून वगळलेले ऑइल, गॅस्केट वगैरे जाता वॉरंटीतून पस्तीस हजार मिळतील असे समजू. दहात एक या अंदाजाने वर्षाचा अपेक्षित लाभ ३,५०० रुपये होतो. दहात दोन धरले तर ७,०००. किंमत मात्र १३,५००. शिवाय अधिकृत वर्कशॉपच्या सर्व्हिसिंगला गावातल्यापेक्षा वर्षाला सुमारे चार हजार जास्त. ते धरले तर १७,५००. म्हणजे हा व्यवहार बरोबरीत सुटण्यासाठी दर दोन गाड्यांपैकी एकीचे इंजिन किंवा गिअरबॉक्स त्या वर्षात जायला हवे. चांगल्या सर्व्हिसिंगचा स्वतंत्र फायदा मान्य करून ते चार हजार सोडून दिले, तरी दहांपैकी जवळजवळ चार गाड्या बिघडायला हव्यात. ज्या गाडीविषयी मला तशी भीती वाटेल ती गाडी मी घेऊच का?

एवढ्यावर हिशेब संपतो असे मात्र नाही. स्विस गणिती दानिएल बर्नुली याने १७३८ सालीच दाखवून दिले होते की, जोखमीची किंमत केवळ सरासरीने ठरत नाही; ज्याच्याजवळ थोडे आहे त्याला तेवढाच तोटा जास्त लागतो. भाव पडलेल्या वर्षी एकदम पस्तीस हजारांचा खर्च आणि दहा वर्षांत विभागलेले साडेतीन हजार या आमच्या घरी सारख्या गोष्टी नाहीत. म्हणून सरासरीपेक्षा जास्त पैसे देऊन जोखीम टाळणे हा मूर्खपणा नाही. पीकविम्यामागे हाच विचार आहे. प्रश्न किती जास्त द्यायचे एवढाच उरतो. सात हजारांना मिळत असती तर मी ‘घ्या’ म्हटले असते.

यावर अण्णांनी जो मुद्दा काढला तो कोणत्याही पुस्तकात मला सापडला नव्हता. ते म्हणाले, “तू म्हणतीस ते साडेतेरा हजार बाजूला ठेवू. पर घरात पैसा ऱ्हातो का? आज गाडीचे म्हणून ठेवायचे, उद्या फवारणी येती, परवा कुणाचं लग्न. कागद घेतला तर पैसे गेले ते गेले, पण कामाला तर लागले.” हे खरे आहे. वाढीव वॉरंटीच्या बाजूने मी ऐकलेला हा सर्वांत भक्कम युक्तिवाद होता. संस्था आपल्याला केवळ दुरुस्ती विकत नाही; आपल्याच पैशाला आपल्यापासून लपवून ठेवण्याची सोयही विकते. पण त्या सोयीला साडेतेरा हजार जास्त होतात. त्यावर आम्ही असा तोड काढला की, ते पैसे पोस्टात आजीच्या नावाच्या खात्यात ठेवायचे. आजीच्या खात्याला हात लावण्याची आमच्या घरात कोणाची छाती नाही.

आणखी एक बाजू होती आणि शेवटी तीच निर्णायक ठरली. आम्हाला गाडी हवी होती ती आठवड्यातील दोन दिवसांसाठी. डायलिसिसचा दिवस पुढे ढकलता येत नाही. वॉरंटीखाली गाडी गेली तर तपासनीस येणार, मंजुरी मिळणार, भाग मागविला जाणार. यात आठवडा सहज जातो, आणि त्या आठवड्यात दुसरी गाडी देण्याचे कलम कागदात कोठेही नव्हते. जी गोष्ट आम्हाला राखायची होती तिचा त्यात उल्लेखच नव्हता. त्यासाठी लागते गाडी बंद पडणारच नाही याची आधी घेतलेली काळजी, आणि पडलीच तर हाकेच्या अंतरावरचा फिटर.

म्हणून वाढीव वॉरंटी न घेण्याचा सल्ला मी दिला आणि तो मान्य झाला. मात्र आधी आमच्या ओळखीच्या फिटरला दीड हजार रुपये देऊन गाडी तपासून घेतली. त्याने इंजिन थंड असतानाच चालू करून पाहिले. गरम करून ठेवलेले इंजिन पुष्कळ लपवते असे तो म्हणाला. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढुरका थर म्हणजे पाणी मिसळते आहे, हे त्याने मला दाखवून शिकविले. यांपैकी काही नव्हते. स्कॅनर लावून जुने दोष पुसले आहेत का ते पाहिले. मी तेवढ्यात सर्व्हिसिंगच्या नोंदी आणि जुन्या पी.यू.सी. यांवरील किलोमीटर काट्याशी ताडून पाहिले. मीटर मागे फिरविलेले असेल तर ते तेथे उघडे पडते. पुढचे दोन शॉकअप आणि क्लच लवकरच जाणार असे फिटरचे मत पडले. हे दोन्ही भाग वॉरंटीत नव्हतेच. पण त्यांच्या नावाने भाव चौदा हजारांनी उतरला. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या मोटारींवरील जी.एस.टी. अठरा टक्के झाल्यामुळे नव्या गाड्या स्वस्त झाल्या आहेत. जुन्याचा भाव त्याच मानाने उतरला पाहिजे, हा मुद्दाही उपयोगी पडला.

माझा सल्ला सर्वांना लागू होईल असे नाही. गाडी ऑटोमॅटिक गिअरची असती, किंवा धूर गाळण्याची किचकट यंत्रणा असलेली नवी डिझेल असती, तर मी निराळा विचार केला असता. त्यांतील एकेका भागाची किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते आणि त्या गावातल्या गॅरेजात उघडतही नाहीत. रोज शंभर किलोमीटर चालविणाऱ्या नोकरदारालाही गणित वेगळे पडेल. २०१० च्या ऑक्टोबरात याच शहरात एका दिवसात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या गेल्या होत्या आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याचे कौतुक झाले होते. त्यांतली एखादी आज तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आली असेल तर त्याने हा लेख बाजूला ठेवून मिळेल ती वॉरंटी घ्यावी!

ज्यांनी अशी वॉरंटी घेतली असेल आणि ती नाकारली गेली असेल त्यांच्यासाठी एवढेच सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार खरेदीदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे करता येते. विक्रेता मुंबईचा किंवा दिल्लीचा असला तरी तिकडे जावे लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. करार एकतर्फी आणि अन्यायकारक आहे असे म्हणण्याचीही त्या कायद्यात सोय आहे, पण ती तक्रार राज्य आयोगाकडे न्यावी लागते. वर्कशॉपने दिलेला नकार लेखी मागून घ्यावा, सर्व्हिसिंगच्या पावत्या जपून ठेवाव्यात. अर्ज स्वतःला लिहिता येतो, वकील लागतोच असे नाही.